कोणाचा फोन?

(जुहू येथे महिला मंडळे आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणी म्हणाल्या, 'त्यात काय बोलायचे? नको असेल तर फोन ठेवून द्यावा.' मलाही पूर्वी असेच वाटे. मारहाण, रेशन, पाणी हे प्रश्न दारात उभे असताना 'कर्ज घ्या, विमा घ्या' म्हणणाऱ्या फोनांवर वेळ का घालवायचा? पण आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईने माझे मत बदलले.

ती जुहू स्कीममध्ये तीन घरी स्वयंपाक करते. नवरा संशयी. दिवसातून सात-आठ वेळा अनोळखी नंबरवरून फोन यायचा. उचलला की ध्वनिमुद्रित आवाज: 'आपले कर्ज मंजूर झाले आहे, एक दाबा.' नवरा विचारायचा, 'कोणाचा फोन?' 'मशीन बोलतंय' हे उत्तर त्याला पटत नसे. त्यावरून दोनदा मारही खाल्ला. शेवटी तिने अनोळखी नंबर उचलणेच सोडले. पुढे संरक्षण अधिकाऱ्यांच्या भेटीची तारीख कळवायला आम्ही तिला चार वेळा फोन केला. तिने घेतला नाही. नवरा फोन तपासतो म्हणून आमचा नंबर तिने नावाने साठवलाच नव्हता. तिच्या दृष्टीने आम्हीही एक अनोळखी नंबर. तारीख चुकली.

मारणारा तिचा नवरा होता, मशीन नव्हे. ती जबाबदारी मी मशीनवर ढकलणार नाही. पण ज्या फोनच्या आधारे बाई घराबाहेरच्या माणसांशी बोलते, मदत मागते, तोच फोन या मशीनने तिच्यासाठी निकामी केला. म्हणून हा स्त्रियांचा प्रश्न आहे.

आता कायद्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका झाली. त्यानंतर २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, पहिले नियम केले आणि 'फोन करू नका' अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१० मध्ये नवे नियम आले, २०१८ मध्ये आणखी नवे. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने आदेश दिला की नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या सर्व जोडण्या तोडाव्यात आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. नोंदणी नसलेल्याविरुद्ध तक्रार करायला आता आधी नोंदवहीत नाव असण्याचीही गरज नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की टेलिफोन कंपनीने कारवाई केली पाहिजे.

हा आकडा लक्षात ठेवा. पाच तक्रारी! एका बचत गटात आपण किमान दहाजणी असतो.

पण या नियमांत उणीव कुठे आहे तेही पाहू. ध्वनिमुद्रित फोन लावणाऱ्याने आपल्या टेलिफोन कंपनीला आधी कळवावे, असे २०२५ ची दुरुस्ती सांगते. कळवायचे कंपनीला, विचारायचे मात्र आपल्याला नाही! 'नको' म्हणण्याचा भार आपल्यावरच. अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने घरी ध्वनिमुद्रित जाहिरातीचा फोन करायला आधी संमती लागते. नियम मोडला तर ज्याला फोन आला त्याला प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर मागता येतात. तिथेही असे फोन थांबलेले नाहीत. पण ज्याला त्रास झाला त्यालाच भरपाई, हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. आपल्याकडे १९०९ वर तक्रार करणाऱ्या बाईच्या हाती एक तक्रार क्रमांक पडतो, एवढेच.

बाईच्या 'नाही'ला किंमत नसणे आपल्याला नवे नाही. 'ती स्पष्ट नको म्हणाली नाही' हा युक्तिवाद आपण कुठे कुठे ऐकला आहे, ते मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. या फोनांवर कधी कधी जिवंत मुलगी बोलते. बोरिवली-मुलुंडहून दोन गाड्या बदलून ती कामावर येते, रोज इतके फोन झालेच पाहिजेत हे ओझे डोक्यावर घेऊन. लोक तिला शिव्या देतात, पुरुष घाणेरडे बोलतात. आपला राग तिच्यावर काढू नका. तिच्या मालकाविरुद्ध तक्रार करा.

मग करायचे काय? पहिले, फोनवरून १९०९ ला इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, एक जागा सोडून शून्य, असा संदेश पाठवा, किंवा सरळ १९०९ लावा. फोन आला की नंबर, तारीख आणि काय बोलले ते वहीत लिहा आणि सात दिवसांत तक्रार करा. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत असा नियम आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरात आली तर तक्रार हमखास करा.

दुसरे, वसुलीचे फोन वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे बँकेच्या वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. छोट्या गटकर्जांसाठी ही वेळ नऊ ते सहा आहे. कर्ज आहे म्हणून अपमान सोसायचा नाही.

तिसरे, 'तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा' किंवा 'तुम्हाला डिजिटल अटक झाली' असे फोन म्हणजे निव्वळ फसवणूक. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० लावा.

चौथे, एकत्र या. टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आयोगाच्या परवानगीने अनेकजणींची मिळून एक तक्रारही करता येते. इथून जवळच, कूपर रुग्णालयाच्या मागे, मुंबई ग्राहक पंचायतीचे ग्राहक भवन आहे. १९७५ पासूनच्या या चळवळीतले महिन्याच्या किराणा वाटपाचे काम प्रामुख्याने बायकांनीच पेलले. त्याआधी १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर याच मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेलाचा, साखरेचा भाव हा 'घरगुती' प्रश्न नाही, हे त्यांनी सरकारला समजावले. फोनचेही तसेच आहे.

आपल्या मागण्या तीन: आधी संमती, मगच फोन. तक्रार मराठीत आणि साध्या फोनवरूनही करता यावी. आणि भरपाई त्रास झालेल्या बाईला मिळावी.

त्या बाईला आम्ही पुढे दुसरी तारीख मिळवून दिली. यावेळी निरोप शेजारणीकडून पाठवला. पण प्रत्येकीला अशी शेजारीण असेलच असे नाही. आज घरी जाण्यापूर्वी शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा फोन हातात घ्या आणि १९०९ वर संदेश पाठवायला तिला मदत करा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. पाचजणींच्या नोंदी जुळल्या की आपण सुरुवात करू.