घड्याळाचा वेग आणि आकडेमोडीचे इमान

संगणकाच्या प्रोसेसरवर जो वेग छापलेला असतो तो त्या वस्तूचा गुणधर्म आहे की तिच्याविषयी दिलेले आश्वासन आहे, या प्रश्नापासून आरंभ केल्यास ओव्हरक्लॉकिंगचा विषय उलगडणे सोपे जाईल. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे. हा उद्योग हौशी मंडळी कित्येक वर्षे करीत आली आहेत. त्याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. कोणी याला फुकटचा लाभ समजतो, तर कोणाला तो यंत्राचा छळ वाटतो. दोन्ही मते अपुऱ्या माहितीवर उभी आहेत.

प्रोसेसरमधील सारी कामे एका विद्युत घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. एक ठोका पडला की संकेत ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून निघतात आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी त्यांनी मुक्कामी पोहोचून स्थिर झालेच पाहिजे. वेग एक गिगाहर्ट्झ असेल तर दोन ठोक्यांमधील अवधी एक नॅनोसेकंद असतो. तेवढ्या अवधीत प्रकाशही सुमारे तीस सेंटिमीटरच जातो. पाच गिगाहर्ट्झवर हे अंतर सहा सेंटिमीटरांवर येते. चिपवर असे असंख्य मार्ग असतात, पण त्यांपैकी सर्वांत मंद मार्ग साऱ्या चिपचा वेग ठरवतो. त्या मार्गावरील संकेत पोहोचण्यापूर्वीच ठोका पडला, तर यंत्र थांबत नाही की तक्रारही करीत नाही. ते आधीचे, जुने मूल्य उचलते आणि पुढे चालू लागते. या साध्या गोष्टीत पुढील साऱ्या धोक्याचे मूळ आहे.

सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात. निर्माता त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावतो आणि प्रत्येक प्रतीला वेगाची चिठ्ठी चिकटवतो. ही चिठ्ठी लिहिताना त्याला उन्हाळ्यातील बंद खोली, धुळीने भरलेला पंखा, हलक्या प्रतीचा वीजपुरवठा आणि काही वर्षांची झीज, एवढ्या सगळ्यांचा विचार करावा लागतो. म्हणून प्रत्यक्ष क्षमता आणि छापील वेग यांत थोडे अंतर राखलेले असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा खर्च करतो ती हीच राखीव शिल्लक होय. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी अधिक असली की उत्तम प्रतीच्या चिपाही खालच्या वेगाची चिठ्ठी लावून विकल्या जातात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इंटेल कंपनीने ऑगस्ट १९९८ मध्ये आणलेला सेलेरॉन ३०० ए. किंमत दीडशे डॉलरच्या आसपास, वेग ३०० मेगाहर्ट्झ. हा वेग दोन संख्यांच्या गुणाकारातून येई: प्रोसेसरला बाकीच्या यंत्राशी जोडणाऱ्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ आणि आतील गुणक साडेचार. गुणक कुलूपबंद होता, पण बसचा वेग बदलता येई. तो १०० केला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि पुष्कळसे नग तो वेग सहज पेलत. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम दोनची किंमत याच्या चौपटीहून अधिक होती. काही मदरबोर्डांवर तर कार्ट्रिजच्या एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावली तरी काम भागत असे! आणखी एक गमतीची गोष्ट म्हणजे ८३ मेगाहर्ट्झच्या बसपेक्षा १०० मेगाहर्ट्झची बस अधिक सुरक्षित ठरली. जोडकार्डे व डिस्क ज्या मार्गाने जोडलेली असत, त्याचा नेमलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ होता. शंभराला तीनाने भागले की तो बरोबर मिळे. ८३ ला मात्र दोनानेच भागले जाई आणि तो मार्ग ४१ च्या वर धावू लागे. प्रोसेसर शाबूत राही आणि डिस्कवरील मजकूर मात्र बिघडे. पुढे इंटेलने खुल्या गुणकाचे निराळे प्रोसेसर विकण्यास आरंभ केला, त्यानंतर बसला हात लावण्याची गरज फारशी उरली नाही.

राखीव शिल्लक संपली की काय होते, हे खुद्द निर्मात्यालाही अनुभवावे लागले आहे. सन २००० मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात गिगाहर्ट्झची शर्यत लागली होती. जुलैच्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम तीन जाहीर केला. तो सुरू होई, नेहमीची कामेही करी. परंतु थॉमस पाब्स्ट या समीक्षकाने त्यावर लिनक्सचा गाभा संकलित करून पाहिला, तेव्हा ते दीर्घ काम तडीस जाईना. अन्य परीक्षकांनाही असाच अनुभव आला आणि ऑगस्टच्या अखेरीस इंटेलला तो प्रोसेसर बाजारातून परत घ्यावा लागला. ‘चालतो’ आणि ‘बरोबर चालतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

आता उष्णतेकडे वळू. वेग वाढवायचा तर संकेत लवकर पोहोचले पाहिजेत, आणि त्यासाठी विद्युत्‌दाब वाढवणे हा सोपा उपाय असतो. पण चिपमधील चालू कामाची वीज वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि दाबही दहा टक्के वाढवला तर वीज १.१ गुणिले १.२१ म्हणजे सुमारे १.३३ पट होते. दहा टक्क्यांच्या लाभासाठी एकतृतीयांश अधिक उष्णता! उष्णता वाढली की गळती वाढते, गळतीने उष्णता आणखी वाढते. आधुनिक प्रोसेसर ठराविक तापमान गाठल्यावर आपण होऊन वेग उतरवतात. तेव्हा उष्णतेपासून काही संरक्षण असते. वापरणाऱ्याने हाताने चढवलेल्या दाबापासून मात्र तितके नसते. म्हणून दाबाला हात लावण्यापूर्वी थंडाव्याची व्यवस्था पाहावी. हीटसिंक नीट बसला आहे ना, त्याखालचा लेप सुकला नाही ना, पंख्यांतील धूळ काढली आहे ना. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. खोली जितकी तापेल जवळपास तितकीच चिपही अधिक तापते, त्यामुळे जानेवारीतील चाचणी उन्हाळ्याला लागू पडत नाही.

प्रत्यक्ष कामाची रीत कंटाळवाणी आहे, आणि तिने कंटाळवाणेच असावे. आरंभी महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. मूळ वेगावर पूर्ण भार देऊन तापमान व दाब टिपून घ्यावेत. रॅमचा वेग नेमलेलाच ठेवावा, नाहीतर चूक कोणाची हे कळणार नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: वेग शंभर मेगाहर्ट्झने वाढवावा, अर्धा तास चाचणी घ्यावी, नोंद करावी. पहिली चूक दिसताच दाब वाढविण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक पायरी खाली यावे. तेथे रात्रभर चाचणी चालवून, ती निर्दोष पार पडली तरी, आणखी एक पायरी सोडून द्यावी. निर्मात्याने राखलेली शिल्लक आपण खर्चली आहे, तेव्हा थोडी आपली म्हणून राखणे भाग आहे.

या चाचणीसाठी जो कार्यक्रम सर्वाधिक वापरला गेला त्याचा जन्म अगदी निराळ्या हेतूने झाला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाची मोहीम सुरू केली. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या या प्रचंड संख्या तपासताना घरगुती संगणक आठवडेच्या आठवडे गुणाकार करीत राहतो आणि मधे एक अंक जरी चुकला तरी सारे श्रम वाया जातात. त्यामुळे प्राइम९५ या कार्यक्रमात चूक पकडण्याची सोय मुळापासून ठेवावी लागली. मोठे गुणाकार दशांश अपूर्णांकांच्या आधारे होतात आणि उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावे लागते, फरक ०.४ च्या वर गेला की कार्यक्रम चूक जाहीर करतो. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे गुणाकार करवून घेणे, ही त्याची छळचाचणी. हे गुणाकार प्रोसेसरमधील सर्वांत तापणाऱ्या आज्ञा वापरतात. केवळ पडद्यावरची चित्रे हलत राहिली म्हणजे यंत्र स्थिर आहे, असे मानणाऱ्यांनी एक रात्र ही चाचणी जरूर चालवावी.

अशी तपासणी न केल्यास चूक दुसऱ्याच्या माथी जाते. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिले होते, की बंद पडलेल्या संगणकांकडून आलेल्या अहवालांत काही अपयशे तर्काने अशक्यच दिसत. एखादी आज्ञा स्मृतीला स्पर्शही न करता, फक्त प्रोसेसरमधील एक खण शून्य करणारी असे, आणि यंत्र नेमके तेथेच कोसळलेले असे. चौकशीअंती त्यांतील अनेक यंत्रे ओव्हरक्लॉक केलेली निघाली. काही मालकांना तर याची कल्पनाही नव्हती. विक्रेत्याने वेग चढवून यंत्र विकले होते. याहून वाईट प्रकार न कोसळणाऱ्या यंत्राचा. हिशेबाच्या तक्त्यातील एक अंक बदलतो, साठवलेल्या छायाचित्राचा एक भाग बिघडतो आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या संगणकावर दुकानाचे खाते, प्रबंधाची आकडेमोड किंवा इतरांची कामे असतील तेथे हा प्रयोग करूच नये.

आज परिस्थिती पालटली आहे. प्रोसेसर थंडावा आणि भार पाहून स्वतःच वेग चढवतात, त्यामुळे हौशी माणसासाठी शिल्लक फार थोडी उरते. ती किती थोडी, हे इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी दाखवून दिले. त्यांतील काही नग कोणी हात न लावताही अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरला गरजेहून अधिक दाब मिळत असून त्याने व तापमानाने घड्याळाच्या ठोक्यांशी निगडित एक मंडल अकाली झिजते, असे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले. ऑगस्टपासून सुधारित सूक्ष्मसंकेत देण्यात आले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र आधीच झिजलेले नग त्याने पूर्ववत होत नव्हते.

हौशी माणसाने चढवलेल्या दाबाचाही परिणाम असाच, सावकाश, होतो. जो वेग दोन वर्षे निर्दोष होता, त्याच वेगावर एके दिवशी चाचणीत चूक दिसते. अशा वेळी आधी धूळ आणि लेप पाहावा. ते ठीक असतील तर दाब आणखी वाढवू नये, कारण त्याने झीजच वाढते. वेग शंभर मेगाहर्ट्झने उतरवावा आणि रात्रभराची चाचणी पुन्हा लावावी.