रसनेच्या वाटेने हैदराबाद

(शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ग्रंथालयाच्या शताब्दीत खाण्यावर बोलणे हा कित्येकांना औचित्यभंग वाटेल. परंतु 'रस' ही साहित्यशास्त्राची मूळ संज्ञा स्वयंपाकघराला परकी नाही. नाट्यशास्त्रात रसाची कल्पना उलगडताना भरतमुनींनी नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला आहे. तेव्हा त्यांची परवानगी गृहीत धरून मी बोलणार आहे.

मी ठाणाकुशनूरकडचा, म्हणजे बीदर जिल्ह्यातल्या सीमाभागातला. आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. चार दिवसांची सुट्टी मिळाली की आमची पावले मुंबई-पुण्याकडे क्वचित वळतात. ती वळतात हैदराबादकडे. बीदरहून जहीराबाद, संगारेड्डी मागे टाकले की सुमारे 140 किलोमीटरवर हैदराबाद येते. आमच्या आजोबांच्या पिढीची ती राजधानी होती. कोर्ट, दवाखाना, विद्यापीठ, सारे तेथेच. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही म्हैसूर राज्यात आलो आणि राजधानी आंध्र प्रदेशाकडे राहिली. 2014 पासून ती तेलंगणाची आहे. नकाशा बदलला, पण जिभेला अजून तो नीटसा पटलेला नाही.

या शहरात दोन दिवस खात हिंडायचे तर आरंभ इराणी हॉटेलातून करावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून निघालेली माणसे मुंबई-पुण्यामार्गे येथवर आली व संगमरवरी टेबलांची ही दुकाने उभी राहिली. चहाचा अर्क झाकण घट्ट बसवून मंद आचेवर वेगळा मुरवतात, दूध वेगळे आटवतात आणि दोहोंचा संगम कपातच घडवतात. सोबत किंचित खारट, किंचित गोड असे उस्मानिया बिस्कीट. त्याला सातव्या निजामाचे नाव आहे. पूर्वीचा आमचा सोवळा प्रवासी दशम्यांचे गाठोडे बांधून हैदराबाद गाठी व तेच सोडून जेवी. त्याचा मुलगा मात्र इराण्याच्या टेबलाशी अनोळखी माणसाच्या शेजारी बसून एका बशीत चहा ओतू लागला. हे स्थित्यंतर लहान समजू नये. सभांच्या ठरावांनी जे साधले नाही, त्यातले थोडे या बशीने साधले.

दुपारी मोजमजाही मार्केट गाठावे. 1935 साली उभी राहिलेली ही दगडी, मनोऱ्याची वास्तू काही वर्षे हलाखीत होती. दुरुस्तीनंतर 2020 मध्ये ती पुन्हा खुली झाली. येथील ताज्या फळांच्या आइस्क्रीममध्ये, हंगाम असेल तर, सीताफळाचे अवश्य घ्यावे. आमच्या माळरानावरचे हे फळ शहरात जाऊन किती साजिरे होते, ते तेथे कळते. जवळच कराची बेकरी आहे. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या खानचंद रामनानी यांनी ती 1953 मध्ये सुरू केली. गमावलेल्या शहराचे नाव दुकानावर मिरवणाऱ्या त्या पाटीकडे आम्हा सीमावासीयांनी जरा अधिक वेळ पाहावे, असे मला वाटते.

तेथून कोठी-सुलतान बाजार हाकेच्या अंतरावर. या परिसरात पोटाबरोबर ग्रंथप्रेमही तृप्त होते. 1901 साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय येथेच आहे, आणि 1907 पासूनची विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शिक्षणसंस्था जांबागेत आहे. निजामी अमदानीत सभा-संमेलनांवर बंधने असताना वाचनालये हीच लोकजागृतीची ठिकाणे झाली. त्याच हैदराबादेत 1931 साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते.

संध्याकाळी चारमिनार. 1591 ची ही इमारत सर्वांना ठाऊक आहे. तिच्या भोवतालच्या गल्ल्यांतून चालत मात्र फार थोडे जातात. रमजानात आलात तर हलीम हवे. गहू, डाळ आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून एकजीव करतात. अरबस्तानातील 'हरीस' हे त्याचे मूळ. निजामाच्या अरब शिपायांच्या बराकींवरून 'बारकस' नाव पडलेला मोहल्ला आजही शहरात आहे. 2010 मध्ये या हलीमला भौगोलिक मानांकन लाभले. बिर्याणीत येथे कच्चे मुरवलेले मांस तळाशी, त्यावर अर्धकच्चा भात, आणि कणकेने तोंड बंद केलेले भांडे अशी रीत आहे.

शाकाहारी सभासदांनी खंत करू नये. बघारे बैंगन मागवावे. कोवळी वांगी, शेंगदाणे-तीळ-खोबऱ्याचे वाटण, चिंचेचा कोळ. पहिला घास घेताच आपल्या घरच्या भरल्या वांग्याची सख्खी बहीण भेटल्यासारखे होईल. मिरची का सालन हे त्याच कुळातले. खट्टी दाळ म्हणजे आमटीची मावसबहीण. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी, उंडे आणि आंबील खाणाऱ्या लातूर-बीदर-कलबुर्गीच्या माणसाला या आंबट-तिखट चवीची ओळख करून द्यावी लागत नाही. ही चव कोणाची, असा वाद मात्र घालू नये. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेल्या पाहुण्या. चारमिनार उभा राहत होता, तेव्हा आपल्या मातीत त्या नवख्याच होत्या. आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक संभवत नाही.

आता मुख्य मुद्दा. त्याच हॉटेलात पोऱ्याने विचारल्यावर शेजारचा गिऱ्हाईक 'नक्को' म्हणतो आणि 'ऐसाइच लाओ' असे बजावतो. हा 'नक्को' आपल्या 'नको'चा आणि तो 'च' आपल्याच 'च'चा. दखनीने ते मराठीकडून घेतले आणि आजवर जपले. त्या बदल्यात आमच्या मराठीने दखनी-उर्दूकडून शेकडो शब्द घेतले. मात्र सीमाभागातला विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या परिसंवादात उठून बोलायला कचरतो. आपली मराठी 'मिश्र' आहे, म्हणून ती कमी प्रतीची, असे त्याच्या मनावर ठसलेले असते. घरी आल्यावर तो हळूहळू मराठी वाचणेही सोडतो. मराठी शाळांतील पट रोडावण्याची कारणे पुष्कळ असतील. त्यांपैकी ही लाज एक आहे, आणि ती दूर करणे मात्र आपल्या हाती आहे.

बघारे बैंगन मिश्र आहे म्हणून ताटातून कोणी उठत नाही. बिर्याणीत इराण, अरबस्तान आणि दख्खन एकत्र शिजले, म्हणूनच तिला चव आली. जो न्याय आपण ताटाला लावतो, तोच भाषेला लावावा, एवढेच माझे मागणे. ग्रंथालयाच्या कपाटांतही कादंबरी-कवितांच्या शेजारी सीमाभागातल्या बोलीचे, तिथल्या पाककृतींचे, म्हणींचे, शेतीच्या शब्दांचे संग्रह असावेत. आजीच्या तोंडचे शब्द तिच्यासमोर वही घेऊन बसल्याशिवाय पुस्तकात येत नाहीत, आणि आमच्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या आपल्या संस्थेने दुसऱ्या शतकाच्या आरंभी हे काम हाती घ्यावे. आमच्या गावाकडून वह्या पाठविण्याचे दायित्व मी स्वीकारतो.

सभासदांनी पुढच्या सुट्टीत हैदराबाद पाहावे, पोटभर खावे आणि कान उघडे ठेवावेत, ही विनंती करून आपली रजा घेतो.