फिरकीतील भट्टी

बंगळूरच्या भारतीय वायुदलाच्या वैद्यक संस्थेत वैमानिकाला लांब भुजेच्या टोकाशी बसवून गरगर फिरवतात. आपले वजन कित्येक पटींनी वाढल्याचा प्रत्यय त्याला येतो. अभियंत्यांनी हाच केंद्रोत्सारी जोर भट्टीतील कणांवर योजला आहे.

कणांच्या थरातून खालून हवा सोडली, की तो थर उकळत्या पाण्यासारखा खळाळतो. कणाकणाला हवा भिडते आणि ज्वलन उत्तम साधते. मात्र हवेचा वेग फार वाढला, तर कणच उडून जातात. म्हणून सच्छिद्र पिंप फिरवून कण कडेला दाबून धरतात आणि हवा बाहेरून केंद्राकडे सोडतात. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या पिंपाने मिनिटास ३०० फेरे घेतले, की कडेच्या कणावरील भार वजनाच्या सुमारे दसपट होतो. मग वेगवान हवेतही तो टिकतो.

परंतु पिंप फिरवण्यास शक्ती लागते, भागही झिजतात. या जमाखर्चात शिल्लक उरली, तरच ही फिरकी कारखान्यास परवडेल.