मत दिलं, मुखत्यारपत्र नाही

(तिसगाव, ता. पाथर्डी येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आजच्या मेळाव्याचा विषय 'हुकूमशाही आणि आपण' असा ठेवलाय. त्यावर सकाळीच दोघी-तिघींनी मला विचारलं, "ताई, हुकूमशाही म्हणजे लष्कर, रणगाडे. आपण तर मत देऊन निवडतो. मग आपला काय संबंध?" मला त्यावरच बोलायचं आहे. मतं घेऊन निवडून आलेला माणूसही हुकूमशहा होऊ शकतो, आणि तो झाला की त्याची झळ गरीब बायांच्या अंगाला आधी लागते.

दक्षिण अमेरिकेतला पेरू हा देश घ्या. १९९० साली तिथल्या लोकांनी अल्बर्टो फुजिमोरी यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. महागाई आणि हिंसाचारानं लोक गांजलेले होते, त्यांना खंबीर माणूस हवा होता. ५ एप्रिल १९९२ रोजी या निवडून आलेल्या माणसानं लष्कराच्या जोरावर संसद बरखास्त केली, न्यायालयांवर हात टाकला. बहुसंख्य लोकांनी त्याला पाठिंबाच दिला. १९९५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. मग १९९६ ते २००० या काळात कुटुंबनियोजनाच्या नावाखाली अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यात खेड्यातल्या, गरीब, आदिवासी बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. कित्येकींना धड विचारलंही नव्हतं, कित्येकींना धाक दाखवला होता. त्यांनी दाद कुणाकडे मागायची? संसद मुठीत होती, टीव्हीवाले पैसे देऊन गप्प केलेले होते. २००० साली राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात असलेला सल्लागार लाच देताना चित्रफितीत दिसला. राष्ट्राध्यक्ष जपानला गेले आणि तिथून फॅक्सनं राजीनामा धाडला. पुढे २००९ मध्ये खून आणि अपहरणांबद्दल त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. नसबंदी झालेल्या बाया मात्र लढतच राहिल्या. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीनं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला.

पेरू लांबचा वाटत असेल, तर आपली आणीबाणी आठवा. २५ जून १९७५ च्या रात्री ती लादली गेली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते तुरुंगात गेल्या. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीनं. हे करणारं सरकार निवडून आलेलंच होतं. पंतप्रधान बाई होत्या, हेही आपण विसरायचं नाही. खुर्चीवर बाई बसली म्हणजे सत्ता बायांची होतेच असं नाही.

आता गावाकडे येऊ. सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदललं की नियम बदलला. थेट निवडीला माझा सरसकट विरोध नाही. सदस्य सरपंच निवडायचे तेव्हा त्यांना सहलीला नेऊन कोंडून ठेवलं जायचं. बाई सरपंच झाली, त्यातून ती दलित असली, की चार सदस्य फोडून अविश्वास ठराव आणायचे. आता थेट निवडलेल्या सरपंचावरचा ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावरही ग्रामसभेच्या गुप्त मतदानात टिकावा लागतो. प्रामाणिक बाईला या कुंपणाचा आधार आहे. पण याच कुंपणाआड मनमानी करणाराही बसतो. "मला गावानं निवडलंय, सदस्य विचारणारे कोण?" असं तो म्हणतो. आणि २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या असूनही पुष्कळ ठिकाणी हे वाक्य बोलतो तो सरपंचबाईचा नवरा. सही तिची, कारभार त्याचा.

अशा वेळी विचारण्याची एकच जागा उरते, ती ग्रामसभा. म्हणून ती मारली जाते. कशी, ते सांगते. कायद्यानं गणपूर्ती आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. मी पाहिलेल्या एका गावात, नाव घेत नाही, दवंडी अशी दिली की कुणाला कळू नये. माणसं जमली नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दुसऱ्या सभेला दहा-बारा जण बसले, आणि मग रजिस्टर घरोघर फिरलं. "काकू, इथं अंगठा द्या, रेशनचं आहे." काही महिन्यांनी कळलं की घरकुलाची यादी त्या अंगठ्यांनी मंजूर झाली होती. यादीत परित्यक्ता एकही नव्हती. भ्रष्टाचाराची सुरुवात अशी कोऱ्या पानावरच्या सहीपासून होते.

आपल्या पाथर्डी तालुक्याचं आणखी एक दुखणं आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कितीतरी बाया उसाच्या फडात कोयता चालवत असतात. त्यांच्याविना त्यांच्या नावानं ठराव होतात. म्हणून २ ऑक्टोबरची, टोळ्या निघण्याआधीची सभा ही ऊसतोड बायांची सभा आहे असं समजा आणि ती भरवून दाखवा.

आणखी एक सांगते. "लोकांनीच ठरवलं" हेही प्रत्येक वेळी पुरेसं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथून जवळच्या मढीत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत, असा ठराव ग्रामसभेत झाला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला. हात कितीही वर झाले तरी शेजाऱ्याचा हक्क काढून घेता येत नाही. आज त्याची पाळी, उद्या एकट्या बाईची.

आणि निवडणूकच झाली नाही तर? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपल्या जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. वर्षं उलटत गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्य निवडणूक आयोगाला बजावावं लागलं की निवडणुका घ्या. त्या काळात जिल्हा परिषदेतल्या बायांच्या निम्म्या राखीव जागा कुठे होत्या? कागदावर! त्याविरुद्ध आपण किती मोर्चे काढले, याचा विचार प्रत्येक गटानं करावा.

तर कामं अशी. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यात आहे, ती मागून घ्या आणि तिचे ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. कोऱ्या रजिस्टरवर सही किंवा अंगठा द्यायचा नाही, कुणीही मागितला तरी. इतिवृत्ताची आणि खर्चाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात त्या कायद्यासाठीचं आंदोलन याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून उभं राहिलं, तेव्हा आपण तो वापरायलाच हवा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. एकटीनं अर्ज करू नका, दहाजणींनी करा, म्हणजे धमकी द्यायला कुणी एकीच्या दारात जाणार नाही. आणि आपली सरपंच बाई खरंच काम करू पाहत असेल, तर सभेत तिच्या शेजारी जाऊन बसा. नवऱ्याला बाहेर बसायला सांगायचं बळ तिला तुमच्यामुळे येईल.

पाच वर्षांतून एकदा आपण कारभारी नेमतो. मालकी आपलीच राहते. येत्या ग्रामसभेला किती जणी येणार, ते आत्ता इथेच गावागावानं ठरवून उठूया.