मांजराच्या पावलांचा ताल

कार्टून म्हटलं की आपल्याला आठवतं ते चित्र. उंदरामागे धावणारं मांजर, भिंतीवर आपटून चपटं होणारं, पुन्हा उठून पळणारं. संगीत सहसा कोणाला आठवत नाही. म्हणून एक साधा प्रयोग घरी करून बघा. 'टॉम अँड जेरी' लागलेलं असताना टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा. दोन मिनिटांत घरातलं पोर कुरकुरायला लागेल. आता उलट करा. आवाज चालू ठेवा आणि पडद्याकडे पाठ करून बसा.

शाळेत संगीत शिकवताना हा प्रयोग मी वर्गात अनेकदा केला. पाठ करून बसलेली मुलं भराभर सांगायची, "सर, आता मांजर चोरपावलांनी येतंय." "आता घसरलं." "आता त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय." आणि ते बहुतेक बरोबर असायचं. त्या मुलांपैकी कोणी व्हायोलिन हातात धरलेलं नव्हतं, बसून हे नाव ऐकलेलं नव्हतं. तरी त्या वाद्यांनी काय सांगितलं ते त्यांना नेमकं कळत होतं.

आपल्या सोलापुरात तर या गोष्टीला वेगळंच मोल आहे. एका बाकावर चार मुलं बसली, तर एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याच्या घरी तेलुगू आणि चौथ्याच्या घरी उर्दू. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि केबलवरून ती आपल्या पेठांमध्ये पोचली, तेव्हा या चौघांनाही टॉम आणि जेरी पहिल्याच दिवशी समजले. भाषांतर लागलं नाही, कारण त्यात बोलणं जवळजवळ नव्हतंच. गोष्ट सांगत होता तो वाद्यवृंद.

हा वाद्यवृंद कार्टूनमध्ये आला कसा? १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' हा छोटा बोलपट दाखवला गेला. मिकी माऊस त्यात जनावरांचीच वाद्यं करून वाजवतो. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला होता. चित्राची गती वादकांना सांभाळता येईना. मग फिल्मवरच उड्या मारणारा एक ठिपका उमटवला. ठिपका खाली आला की ठोका. त्याच्याकडे बघून वाजवलं आणि चित्र व सूर जुळले.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, डिस्नेंचा 'स्केलेटन डान्स' आला. त्यात एक सांगाडा दुसऱ्याच्या मणक्यांवर झायलोफोन वाजवतो. संगीत होतं कार्ल स्टॉलिंग यांचं. हे गृहस्थ मूळचे मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवणारे. पडद्यावर जे घडेल त्याला तिथल्या तिथे साथ द्यायची, हे त्यांचं रोजचं काम. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबलावाले बसत आणि मारामारी आली की लय चढवत. स्टॉलिंग त्याच जातकुळीचे. १९३६ मध्ये ते वॉर्नर ब्रदर्समध्ये गेले आणि १९५८ मध्ये निवृत्त होईपर्यंत सहाशेवर कार्टूनना त्यांनी संगीत दिलं. म्हणजे साधारण दर पंधरवड्याला एक.

एवढं काम वेळेत बसवायला त्यांनी एक युक्ती वापरली. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. दर १२ चौकटींना एक ठोका धरला, तर मिनिटाला १२० ठोके पडतात. ८ चौकटींना धरला, तर १८०. हा 'टिक्-टिक्' आवाज वादकांच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐकू येई. चित्रकारही तोच हिशेब धरून मांजराचं पाऊल टाकी. त्यामुळे पाऊल आणि सूर दोन ठिकाणी, दोन वेळी तयार होऊनही पडद्यावर एकत्र पडत.

आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमचं पथक बघा. हलगीवाल्याची नजर पोरांच्या पायांवर असते आणि पोरांचे कान हलगीवर असतात. डाव बदलायचा असला की हलगीचा बोल आधी बदलतो, मग हात-पाय बदलतात. नाचणारीच्या पायाकडे बघणारा तमाशातला ढोलकीवाला तेच करतो. हॉलिवूडने यंत्राने जे साधलं, ते आपल्याकडे नजरेने साधतात.

'टॉम अँड जेरी'चे मुख्य संगीतकार स्कॉट ब्रॅडली. ही जोडी १९४० मध्ये पडद्यावर आली आणि पुढची जवळजवळ अठरा वर्षं ब्रॅडली तिला संगीत देत राहिले. विसाव्या शतकातल्या युरोपात जे अवघड, कर्कश मानलं जाणारं नवं संगीत लिहिलं जात होतं, त्याचे तुकडे त्यांनी बेधडक या कार्टूनमध्ये वापरले. जे मैफलीत ऐकून मोठी माणसं उठून गेली असती, त्यावर पोरं खदखदून हसली. १९४७ चा 'द कॅट कॉन्सर्टो' आठवून पाहा. टॉम झब्बूबिब्बू घालून पियानोवर बसतो आणि पियानोच्या आत जेरी झोपलेला असतो. तो जे वाजवतो ती लिस्ट या हंगेरियन संगीतकाराची रचना. त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे अनेकांनी लिस्ट पहिल्यांदा ऐकला तो असा, समोर वरणभाताचं ताट घेऊन. रोसिनी ऐकला तो १९५० च्या 'रॅबिट ऑफ सेव्हिल'मधल्या सशाकडून, आणि वाग्नर १९५७ च्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?'मधून.

एक तुकडा मात्र खास सोलापूरकरांनी ऐकावा असा आहे. त्याचं नाव 'पॉवरहाऊस'. रेमंड स्कॉट यांनी तो १९३७ मध्ये लिहिला, तोही कार्टूनसाठी नव्हे. पुढे वॉर्नरने त्याचे हक्क मिळवले आणि स्टॉलिंगनी कारखान्याचा पट्टा, यंत्रं, दांडे, चक्रं दिसली की तो वापरला. त्याचा मधला संथ भाग ऐका. एकाच ठेक्यावर ठाम चाललेलं यंत्र. पूर्व भागात ज्याचं बालपण यंत्रमागांच्या खटखटीत गेलं, त्याला हे संगीत समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने 'एक अनेक और एकता' हा छोटा कार्टूनपट काढला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं आणि संगीत वसंत देसाई यांचं. दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की एक पिढी तो पाठ म्हणते. पारध्याच्या जाळ्यात अडकलेली पाखरं एकदम उडतात, जाळं घेऊनच उडतात आणि उंदीर ते कुरतडतात, अशी ती गोष्ट. त्यातली ताई धाकट्यांना 'अनेक' म्हणजे काय ते समजावते, तेही गाण्यातूनच. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. मांजराच्या पळापळीपेक्षा हे अवघड काम, कारण इथे सुरांनी एक विचार पोचवायचा होता.

वसंत देसाई १९१२ मध्ये कोकणात, सावंतवाडीच्या परिसरात जन्मले. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत ते 'प्रभात'मध्ये आले आणि व्ही. शांतारामांच्या तालमीत वाढले. 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखे बारह हाथ', 'श्यामची आई', 'अमर भूपाळी' ही त्यांचीच. सोलापूरच्या मातीशीही त्यांच्या सुरांचा संबंध आहे. १९१० मध्ये इथे जन्मलेल्या आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये देह ठेवलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, त्याचं संगीत देसाईंचं. 'गुड्डी'मधली त्यांची प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. 'एक अनेक' आला आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात ते गेले.

श्रोतेहो, हे सगळं सांगण्यामागे एक खंत आहे. स्टॉलिंग, ब्रॅडली, देसाई ही नावं निदान सापडतात. पण ट्रॉम्बोनवर मांजराला घसरवणारा तो वादक कोण? पिकोलोवर पाखरू उडवणारा कोण? हॉलिवूडच्या त्या कार्टूनमध्ये संगीतकाराचं नाव येई, वादकांचं येत नसे. मुंबईच्या सिनेसंगीतातही हेच झालं. गोव्याहून आलेल्या कितीतरी व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाल्यांनी आपली अवीट गाणी वाजवली. तबकड्यांवर त्यांची नावं नव्हती. एमजीएम स्टुडिओने तर आपल्या संग्रहातल्या असंख्य स्वरलिपी पुढे कचऱ्यात घातल्या. त्यांच्या कित्येक संगीतपटांच्या स्वरलिपी इंग्लंडच्या जॉन विल्सन यांनी मूळ ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून नव्याने लिहून काढल्या. त्यांच्याच वाद्यवृंदाने २०१३ मध्ये लंडनच्या 'प्रॉम्स' महोत्सवात टॉम-जेरीचं संगीत वाजवलं, तेव्हा भरगच्च सभागृह हसत होतं आणि टाळ्या वाजवत होतं.

आपल्या गावातले हलगीवाले, सनईवाले, लग्नातले बँडवाले यांच्याकडे तर स्वरलिपीही नाही. जे आहे ते हातात आणि कानात आहे. ते हात थांबले तर ऐकून लिहून काढायलाही काही उरणार नाही. आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रण करणारं यंत्र आहे. मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे आपण टिपतो, त्याऐवजी एखाद्या म्हाताऱ्या हलगीवाल्याला बसवून त्याचे बोल टिपून घ्यावेत. त्याचं नाव, गाव, गुरू कोण, हे त्याच्याच तोंडून घ्यावं. शाळांनी हे काम मुलांना दिलं तर एका वर्षात एका पेठेचा संग्रह होईल.

आणि घरातलं पोर कार्टून लावून बसलं असेल, तर "बंद कर ते" म्हणण्याआधी पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा. डोळे मिटा आणि त्याला विचारा, "आता कोणतं वाद्य वाजलं?" त्याला नाव सांगता येणार नाही कदाचित. मग दोघं मिळून शोधा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)