मेंदूच्या चित्रात मुली किती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मेंदूच्या विज्ञानाचं नाव काढलं की आपण सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका मेंदूंची वजनं करत होते. बाईचा मेंदू वजनाला कमी भरतो, त्यात तिच्या कमी बुद्धीचाही वाटा आहे, असं त्यांनी मांडलं. उंची-बांध्याचा नीट हिशेबही केला नाही. म्हणून आजचं संशोधनही आपण पारखून घेऊ. पण टाकून देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

विषय आहे एडीएचडी. लक्ष न टिकणं, विसरणं, काम अर्धवट सुटणं, चुळबुळ, विचार करण्याआधीच बोलून मोकळं होणं. थोडंफार हे सगळ्यांचंच होतं. पण लहानपणापासून, घरी आणि बाहेरही, जगणं अवघड व्हावं इतकं झालं की त्याला विकार म्हणतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. अ‍ॅलन झामेटकिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणापासून हा त्रास असलेली २५ प्रौढ माणसं आणि तो नसलेली ५० माणसं त्यांनी तपासली. मेंदू काम करताना ग्लुकोज वापरतो, तो किती वापरतो हे मोजलं. पहिल्या गटात हा वापर सरासरी ८.१ टक्क्यांनी कमी निघाला. मेंदूची ती रंगीत चित्रं खूप गाजली. पोर ऐकत नाही म्हणजे आईचं वळण चुकलं, असं ऐकत आलेल्या बायकांना त्यातून मोठा आधार मिळाला.

पुढची गोष्ट मात्र कमी गाजली. १९९३ मध्ये याच गटानं किशोरवयीन मुलं-मुली तपासली, तेव्हा एकूण वापरात ठळक फरक दिसला नाही. १९९४ मध्ये मोनिक अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की फरक मुलींमध्ये दिसतो, मुलग्यांमध्ये नाही. पण त्यातल्या मुली अगदी मोजक्या होत्या. १९९७ मध्ये त्यांनीच पुन्हा मुली तपासल्या आणि तो फरक सापडला नाही. तेही त्यांनी छापलं. विज्ञान असंच चालतं. आपण मात्र पहिल्या बातमीवर थांबतो.

२०१७ मध्ये अनेक देशांतल्या १,७१३ रुग्णांची आणि १,५२९ इतरांची मेंदूचित्रं एकत्र अभ्यासली गेली. काही भागांच्या आकारात फरक आढळला, पण लहान, आणि तोही गटाच्या सरासरीत. समोरच्या एका मुलीला हा विकार आहे की नाही, हे स्कॅन सांगू शकत नाही. निदान होतं ते तिचा लहानपणापासूनचा इतिहास ऐकून, घरच्यांशी आणि शिक्षकांशी बोलून. त्यासाठी कुणी स्कॅनचे पैसे मागितले तर जाब विचारा.

आता आपला प्रश्न. या अभ्यासांत वर्षानुवर्षं मुलगेच जास्त का? कारण वर्गात गोंधळ घालणाऱ्याला डॉक्टरकडे पाठवतात. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. ती ‘वेंधळी’, ‘धांदरट’ ठरते आणि ‘सासरी कसं व्हायचं हिचं’ हे ऐकत मोठी होते.

कॅलिफोर्नियात स्टीफन हिन्शॉ यांनी १९९७ ते १९९९ या काळात हा विकार असलेल्या १४० मुली आणि तुलनेसाठी ८८ मुली निवडल्या, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. २०१२ मध्ये त्यांनी दहा वर्षांनंतरची स्थिती मांडली. ज्यांना लहानपणी अवधानाचा आणि अतिचंचलतेचा असा दोन्ही त्रास होता, त्यांच्यातल्या २२ टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. फक्त अवधानाचा त्रास असलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के, तर तुलनेच्या गटात ६ टक्के होतं. हे आकडे तिथले आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण ‘मोठी झाली की सुधारेल’ म्हणून सोडून द्यावं असं हे दुखणं नाही, एवढं त्यातून कळतं.

आपल्या केंद्रात बाई येते. दूध उतू गेलं, निरोप विसरली, म्हणून मारतो, असं सांगते. इथे दोन गोष्टींचं भान ठेवा. पहिली, तिला काहीही विकार असो वा नसो, मारहाण ही मारहाणच. दुसरी, आपण घाईनं तिच्यावर शिक्का मारू नये. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे आणि सासरचे लोक त्या कागदाची वाटच बघत असतात. नुसतं विकाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच म्हटलं आहे. हे तिला सांगा, वकिलालाही आठवण करून द्या.

आणि तिला स्वतःला तपासून घ्यायचं असेल तर तिच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. निदान तिच्या उपयोगाचं असावं, तिच्याविरुद्धचा पुरावा होऊ नये. तो कागद तिच्याच हातात राहील, एवढं आपण नक्की करू शकतो.