शंभर मुलांची धिरडी



दिवाळी सरली की शाळांच्या सहली सुरू होतात. पुष्कळ शाळा मुंबई पाहायला येतात, आणि बोरिवलीजवळची कान्हेरीची लेणी बघून जातात. रात्रभर गाडीत आखडून बसलेली मुले पहाटे उतरतात ती भुकेलेलीच. अशा वेळी बाजारचे वडे आणून वाटणे सोपे, हे मी जाणून आहे. पण बरोबर पाच-सहा हौशी पालक असले, तर मुक्कामाच्या मैदानात चूल मांडावी आणि मुलांना गरम धिरडी घालावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

धिरडे सर्वांच्या ओळखीचे. देशावर ते गुळवणीबरोबर खातात. कोकणात घावन आणि आंबोळी, विदर्भात आयते, आणि इथे उपनगरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नारळाच्या रसातले चिताप. नावे निराळी, कृती एकच: ओल्या पिठाचा पातळ थर तापल्या लोखंडावर पसरायचा.

मग शंभर मुलांसाठी अडते कुठे? पिठापाशी नाही, तव्यापाशी अडते. भात एका पातेल्यात शंभरांचा शिजतो. धिरडे एका तव्यावर एका वेळी एकच. दर मुलाला 3 धरली तर झाली 300. दोन्ही बाजू भाजायला 3 मिनिटे लागतात, म्हणजे एका तव्यावर तासाला 20. तवा एकच असेल तर 15 तास! सकाळी सहाला बसलेली बाई रात्री नऊला उठायची. सहा तवे असले तर अडीच तास, दहा असले तर दीड. एक माणूस दोन तवे सांभाळतो. तेव्हा दहा तवे आणि पाच माणसे एवढी जमवाजमव आधी करा, मग पिठाचे बघू. बिडाचे तवे मिळाले तर उत्तमच. ते उशिरा तापतात, पण तापले की ऊब धरून ठेवतात.

चूल जंगलात मांडायची नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. कान्हेरी आहे ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात. तिथे विस्तव पेटवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. हिवाळ्यात वाळल्या पानांचा खच पडतो, एक ठिणगी पुरते. शिवाय माकडे हातातले खाणे ओढून नेतात. म्हणून न्याहारी शाळेच्या नाही तर धर्मशाळेच्या आवारात, मालकाची परवानगी काढून करावी. आणि हो, उद्यान सोमवारी बंद असते. सहलीचा वार ठरवताना तेवढे बघा.

परवानगी असेल तर जमिनीत चर खणावा. रुंदी फूटभर, खोली पाऊण फूट, आणि लांबी वाऱ्याच्या रोखाने. वारा एका तोंडाने शिरतो, धूर दुसऱ्या तोंडाने जातो, करणाऱ्याचे डोळे वाचतात. धिरड्याला भडका नको, निखारा हवा. लाकडे तासभर आधी पेटवा. बाभळीचे लाकूड वखारीत मिळाले तर तेच घ्या. गॅसची शेगडी असेल तर सिलिंडर उभा ठेवावा, विस्तवापासून लांब, आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेत तर मुळीच नाही.

आता पीठ. आंबोळी चवीला सरस, पण ती घरची. भिजवलेले तांदूळ-उडीद वाटून रात्रभर आंबवायचे. घाटावरच्या थंडीत ते फुगत नाही, मुंबईच्या उकाड्यात आंबट होऊन बसते, आणि प्रवासात डबा उतू जातो तो वेगळाच. सहलीला कोरडे पीठच न्यावे. 12 किलोत शंभर मुलांचे भागते: तांदळाचे 5, डाळीचे 4, ज्वारीचे 3. त्यात हळद, तिखट, ओवा आणि दीडेकशे ग्रॅम मीठ घरूनच मिसळून डब्यात भरा. मुक्कामी पोचल्यावर प्यायचे पाणी घालून कालवा, किलोला पावणेदोन लिटरच्या आसपास. सगळे एकदम मात्र कालवू नका. तीन वेळा थोडे थोडे कालवा. शिळे उरत नाही, पोटे बिघडत नाहीत. तांदळाचे पीठ तळाशी बसते, म्हणून दर पळीला ढवळायचे. तेल लिटरभर पुरते, तव्यावर अर्ध्या कांद्याने फिरवायचे.

तवा फार तापला की पीठ पळीखाली गोळा होते, पसरतच नाही. मग मिठाच्या पाण्याचा एक हबका मारा. पहिले धिरडे बहुधा चिकटते. त्याचा विचार करू नये, ते तव्याचे समजावे.

ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात लवकर उतरते. तिच्याऐवजी शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा द्या. झालेली धिरडी डब्यात कोंडू नका, घाम सुटून लगदा होतो. टोपलीत फडके घालून ठेवा. पंगत पंचवीस-पंचवीसांची बसवा, आणि धाकटी मुले आधी. थोरल्यांना वाट पाहवते. तोवर पाणी आणणे, पत्रावळी मांडणे त्यांच्याकडे द्या. मुलगेही करतील, नुसत्या मुलींना कामाला लावू नका! तव्याजवळ मात्र कुणीच पोर नको. आणि करणाऱ्या पाच जणांची धिरडी आधीच मोजून बाजूला काढा. नाही तर मागे त्यांच्यासाठी नुसता वास उरतो.

निघताना चरात पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता, वर हात धरून बघा, आणि माती लोटा. यात घाई करू नका.

उद्यानाच्या दारापासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत. डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतले 11 क्रमांकाचे, 'दरबार' म्हणतात ते, मुलांना जरूर दाखवा. आत लांबच लांब दोन बैठे दगडी ओटे कोरलेले आहेत. तिथे भिक्षूंची सभा भरे किंवा पंगत बसे, असे मानतात. मुलांनाच विचारा, इतक्या जणांची चूल कुठे मांडत असतील? पाण्याची खडकात खोदलेली पोढी त्यांना जवळपास दिसतीलच.